लय, पट्टी आणि भाव : नागोठण्याचं भजन ऐकण्याआधी

कार्तिकातल्या एखाद्या पहाटे नागोठण्याच्या देवळात मुद्रित केलेला काकडा संगणकाला ऐकवला, तर तो काही क्षणांत तीन उत्तरं देतो. लय : मिनिटाला एकशे चाळीस ठोके. पट्टी : एफ शार्प मायनर. भाव : उदास. गाणी साठवून ठेवणाऱ्या आणि ऐकणाऱ्याला नवी गाणी सुचवणाऱ्या साऱ्या यंत्रणा आज अशाच तीन उत्तरांवर चालतात. यातलं पहिलं उत्तर बहुधा दुप्पट असतं, दुसरं अर्धं खरं असतं आणि तिसरं साफ चुकीचं असतं. काकडा म्हणणारा माणूस पहाटे चारला थंड पाण्यानं अंघोळ करून आलेला असेल, झोप अपुरी झाली असेल, पण तो उदास मात्र नसतो.

ही उत्तरं अशी का येतात ते आधी पाहू. यंत्र नियमित पडणारे जोरकस आघात शोधतं. भजनात टाळ मात्रेमात्रेवर पडतो, पखवाज मधली जागा भरत असतो आणि टाळांचे काही जोड अर्ध्या मात्रेवरही वाजत असतात. मग सत्तरच्या लयीला यंत्र एकशे चाळीस म्हणून मोकळं होतं. पट्टीचंही तसंच. काळी तीनचा षड्ज यंत्राला सापडतो, म्हणजे निम्मं काम झालं. पण पुढे ते प्रत्येक स्वरावलीला मेजर किंवा मायनर या दोनपैकी एका खणात टाकतं. भैरवात गंधार शुद्ध असतो, रिषभ आणि धैवत कोमल. भैरवीत चारही स्वर कोमल. या दोघांना त्या दोन खणांत नीट जागा नाही, त्यामुळे कोमल स्वर जास्त दिसले की ते मायनर ठरतं. आणि मायनर म्हणजे उदास, असं त्याला शिकवलेलं आहे. आपल्याकडे मैफल भैरवीनं संपते आणि लोक तृप्त होऊन घरी जातात, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

यंत्राची टर उडवणं सोपं आहे आणि हे लेखन त्यासाठी नाही. त्यानं विचारलेले प्रश्न बरोबरच आहेत. लय काय, पट्टी कोणती, भाव कसला, हेच भजनी मंडळीही एकमेकांना विचारतात. फरक उत्तराच्या जातीत आहे. सामुदायिक भजनात या तिन्ही गोष्टी कागदावर आधी ठरलेल्या नसतात. त्या दिवशी, त्या देवळात जेवढी माणसं जमली त्यांनी आपसांत केलेली ती तडजोड असते. बुवाचा गळा, टाळकऱ्यांची संख्या, पखवाजाची शाई, छपराचा पत्रा, बाहेरचा पाऊस, सगळ्यांचा तीत वाटा असतो. ध्वनिमुद्रण त्यातली एका दिवसाची तडजोड पकडून ठेवतं. पुढे लोक ती नियम म्हणून पाळू लागतात. पुढच्या पानांत जे येणार आहे त्याचा गाभा एवढाच आहे.

नागोठणे हे अंबा नदीच्या काठचं जुनं बंदर. भरतीचं पाणी इथपर्यंत चढतं. गावाजवळचा दगडी पूल सोळाव्या शतकातला, म्हणजे निजामशाहीच्या काळातला आहे. ग्रामदेवता जोगेश्वरी. गाव रोहे तालुक्यात, पण पेणही हाकेच्या अंतरावर आणि पालीचा बल्लाळेश्वर डोंगराच्या पलीकडे. मुंबई-गोवा महामार्ग शेजारून जातो, दिवा-रोहे रेल्वेमार्गावर स्टेशन आहे. आयपीसीएलचा पेट्रोकेमिकल प्रकल्प इथे आला, तो पुढे रिलायन्सकडे गेला, आणि कामानिमित्त घाटावरची कुटुंबंही या भागात राहायला आली. भजनाच्या दृष्टीनं या भूगोलाला अर्थ आहे. दक्षिण कोकणातून मुंबईकडे जाणारी बुवांची पेटी-भजनाची रीत आणि देशावरून आलेली वारकरी रीत, दोन्ही या पट्ट्यात एकमेकींच्या कानावर पडतात. पहिलीत बुवा पेटीवर बसतो, मागे झील धरणारे, गजर चढत जातो, आणि दोन बुवा समोरासमोर आले की डबलबारी रंगते. दुसरीत वीणेकरी मधे, टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर, एका रांगेनं म्हणायचं आणि दुसरीनं ते उचलायचं. एकाच गावात गणपतीतलं भजन पहिल्या रीतीचं आणि सप्ताहातलं दुसऱ्या रीतीचं असू शकतं. मुद्रण ऐकताना आपण कोणत्या रीतीत आहोत हे आधी ओळखावं, कारण दोहोंत पट्टी आणि लय ठरवण्याचा अधिकार वेगळ्या माणसाकडे असतो.

पट्टीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे.

शिकलेला पुरुष गवई साधारणपणे काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातो. काळी एकचा षड्ज सेकंदाला सुमारे 139 कंपनांचा. वारकरी भजन मात्र पांढरी चार, काळी तीन, कधी पांढरी पाचपर्यंत चढतं. पांढरी चारचा षड्ज सुमारे 175 कंपनांचा, म्हणजे काळी एकपेक्षा पूर्ण चार अर्धस्वर वर. तारसप्तकात गेल्यावर तो आवाज टिपेला लागतो, मानेच्या शिरा ताठ होतात. शहरातला कान याला ओरडणं म्हणतो. मला तसं वाटत नाही, आणि त्याची कारणं गाण्यातलीच आहेत. हे गाणं भोंगा येण्याच्या कितीतरी आधीचं आहे. वाळवंटात, रस्त्यानं चालताना, वीस-तीस टाळांच्या झणत्कारात शब्द ऐकू जायचा, तर आवाजाला टाळांच्या वर जागा शोधावी लागते. खर्जातला गोड आवाज तिथे बुडतो. दुसरं कारण सहसा कुणी बोलत नाही. पुरुषांनी पट्टी एवढी वर नेली की बायका आणि मुलं त्याच सप्तकात त्यांच्याबरोबर गाऊ शकतात. बायकांचा सोयीचा षड्ज काळी चार-काळी पाचच्या आसपास असतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाबरोबर त्यांना एकतर खूप खाली उतरावं लागतं, नाहीतर एक सप्तक वर जावं लागतं. पांढरी चार-पाचला दोघांची गाठ पडते. पुरुष थोडा ताणून वर, बाई थोडी सैल होऊन खाली. दिंडीतला तो एकसंध आवाज या गाठीतून येतो.

पाश्चात्त्य चर्चमधल्या समूहगानात हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवला गेला. आवाजांचे चार थर केले, प्रत्येक थराला त्याच्या गळ्याप्रमाणे वेगळी ओळ दिली, आणि त्या ओळी एकमेकींवर रचल्या. आपल्याकडे ओळ एकच. ती सर्वांनी म्हणायची. म्हणून सगळा भार पट्टीवर येतो. पट्टी चुकली तर निम्मं मंडळ गप्प बसतं.

आता या पट्टीचा मालक कोण? पेटी येण्याआधी तो वीणेकरी होता. गळ्यात अडकवलेल्या वीणेची तार त्यानं आपल्या गळ्याला लावायची आणि बाकीच्यांनी त्या तारेला मिळायचं. अखंड हरिनाम सप्ताहात ही वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहारे बदलतात, माणसं बदलतात, वीणा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. षड्ज माणसापेक्षा वीणेचा झाला, असं म्हणता येईल. मग पेटी आली. युरोपातल्या पायपेटीवरून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात हाताच्या भात्याची पेटी तयार झाली आणि पाहता पाहता ती देशभरच्या भजनात शिरली. पेटीतल्या स्वरपट्ट्या पितळेच्या, त्यांचे स्वर हलत नाहीत. पट्टीला नाव मिळालं, क्रमांक मिळाला. पूर्वी ‘आज जरा वर लावा’ एवढ्यावर भागायचं, आता ‘काळी तीन’ म्हणावं लागलं. ऑल इंडिया रेडिओनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती तीस वर्षांहून अधिक टिकली. त्या काळात नभोवाणीवर भक्तिगीत पेटीशिवाय आणि देवळात भजन पेटीसह, असा विचित्र संसार चालला. देवळानं त्या बंदीची कधी दखल घेतली नाही.

पेटीनं केलं ते वाईटच, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. पण तिनं बुवाच्या हाती फार सत्ता दिली. पेटी वाजवणारा आणि गाणारा एकच असला, की पट्टी त्याच्या गळ्याची होते आणि झील धरणाऱ्यांना फरपटत जावं लागतं. जुनं मुद्रण ऐकताना ध्रुपदाकडे कान द्या. ध्रुपद सगळ्यांनी म्हणायचं असतं. ते भरून येत असेल तर पट्टी सर्वांची होती. अंतऱ्यात बुवा तळपतो आणि ध्रुपदाला आवाज अचानक पातळ होतो, तर समजावं की पट्टी एकट्याची होती.

पखवाजाचाही इथे एक शब्द असतो. त्याचं शाईचं तोंड षड्जाला लावतात, गठ्ठे ठोकून. दुसऱ्या तोंडाला ऐन वेळी कणीक लावतात. एकदा लावलेला पखवाज मधेच अर्धा-पाऊण स्वर वर चढवणं सोपं नाही, म्हणून पट्टी सहसा बैठकभर एकच राहते. उंच पट्टीसाठी लहान तोंडाचा पखवाज वेगळा ठेवतात. आणि इथे रायगडचा पाऊस मधे येतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडणाऱ्या पावसात कातडं ओल धरतं, सैल पडतं आणि स्वर उतरतो. आषाढ-श्रावणात पखवाजवादक जितका वेळ वाजवतो जवळजवळ तितकाच वेळ ठोकतो, अशी थट्टा चालते. याच्याशीच जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे वारीचं वेळापत्रक. आषाढी एकादशी ऐन भातलावणीत येते. चिखलात पाय रुतलेला शेतकरी पंढरपूरला कसा निघणार? म्हणून कोकणाची खरी वर्दळ माघी वारीला. इथलं सामुदायिक भजन पिकाच्या मागून चालतं. लावणी उरकली की गणपती, कापणीच्या सुमाराला काकडा, धान्य घरात आलं की सप्ताह. ऋतूप्रमाणे हवा बदलते, हवेप्रमाणे कातडं आणि गळा. एकाच मंडळाची श्रावणातली आणि माघातली पट्टी वेगळी भरली, तर त्यात नवल नाही.

लयीबद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे. अभंगाच्या मोठ्या प्रकारात अक्षरं मोजलेली असतात : सहा, सहा, सहा आणि चार. लहान प्रकारात आठ आणि आठ. पण अक्षराला किती वेळ द्यायचा हे छंद सांगत नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा, धुमाळीही आठ मात्रांची. बावीस अक्षरं या आठांच्या आवर्तनांत कशी बसवायची, कुठे अक्षर ताणायचं, कुठे दोन अक्षरं एका मात्रेत कोंबायची, याला चाल म्हणतात. म्हणून एकाच अभंगाला शेकडो चाली असू शकतात, आणि म्हणूनच अभंग ही मौखिक गायनासाठी इतकी टिकाऊ वस्तू ठरली. त्यात खेळायला जागा आहे.

या जागेत लय चढत जाते. रूपाचे अभंग संथ, मिनिटाला साठ-सत्तर मात्रांच्या आसपास. मग हळूहळू चाल वाढते. गजराला पोचेपर्यंत दुप्पट झालेली असते. एखादा मुद्रित गजर पूर्ण ऐकून यंत्र सरासरी काढतं, ती सरासरी म्हणजे त्या रात्री कुणीच ज्या वेगानं गायलं नाही असा वेग. चढण्याचा मार्ग ऐकायचा असतो. चांगल्या मंडळात लय पायऱ्यांनी चढते. एक पायरी आली की तिथे काही आवर्तनं थांबायचं, सगळ्यांचे टाळ एका जागी पडू लागले की पुढची. कच्च्या मंडळात ती घसरत जाते आणि शेवटी शब्द चुरगळतात. पखवाजवादकाचा मोठेपणा वेगानं वाजवण्यापेक्षा इतरांना वेग घेऊ न देण्यात असतो, हे माझं ठाम मत आहे. हरिपाठात तर पायही गात असतात. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे सत्तावीस-अठ्ठावीस अभंग पावली टाकत म्हणायचे, तर लयीला घोट्यांची आणि दमाची मर्यादा आपोआप पडते. बसून मुद्रित केलेला हरिपाठ जवळजवळ नेहमीच पावलीच्या हरिपाठापेक्षा वेगवान असतो. स्टुडिओत पाय नसतात.

जागेचाही परिणाम कमी नाही. कौलारू, लाकडी खांबांच्या सभामंडपात आवाज लवकर विरतो, शब्द कोरडा आणि स्पष्ट ऐकू येतो, द्रुत लय खपते. आता बहुतेक गावांत स्लॅबचे मंडप झाले, भिंतींना टाइल्स लागल्या. तिथे आवाज घुमतो, एक शब्द दुसऱ्यावर चढतो. अशा मंडपात तीच जुनी द्रुत लय धरली की नुसता गोंगाट उरतो. ज्या मंडळांना हे कळलं त्यांनी लय उतरवली. ज्यांना कळलं नाही त्यांनी आणखी एक भोंगा आणला.

भाव या तिसऱ्या गोष्टीसाठी काकड्यासारखं उदाहरण नाही. बाहेरच्याला वाटतं, पहाटेची प्रार्थना म्हणजे एकच शांत रंग. प्रत्यक्षात काकड्याचा क्रम हा एक लहानसा पहाटेचा गाव आहे. देवाला उठवण्याचे अभंग आणि भूपाळ्या होतात, त्यांच्या चालींत भैरव, भूप, बिभासच्या छटा. मग वासुदेव येतो, जोगी येतो, आंधळा, पांगळा, मुका, बहिरा येतात. संतांनी ही सोंगं रूपकं म्हणून लिहिली, पण म्हणणारे त्यात रमतात. गवळणी आल्या की चाल खट्याळ होते, तक्रार आणि लाड एकत्र येतात, ठेका नाचरा होतो. मग काला, आरती. दीड-दोन तासांत विनवणी, विनोद, खोडी, वैराग्य आणि उत्सव सगळं होऊन जातं, आणि षड्ज मात्र तोच. या मुद्रणाला एक भाव चिकटवायचा म्हणजे पूर्ण दिवसाला एक तापमान लिहिण्यासारखं आहे. शिवाय म्हणणाऱ्याचा भाव आणि अभंगाचा भाव नेहमी जुळतोच असं नाही. अत्यंत आर्त अभंग पंचवीस माणसं दणक्यात, घाम गाळत, आनंदानं म्हणतात. आर्तता एकट्याची असते. ती सगळ्यांनी मिळून म्हटली की तिचा जोर होतो. समूहगानाचं हे रसायन भरतमुनींच्या रसांच्या यादीत सहज बसत नाही, आणि संगणकाच्याही.

रायगड जिल्ह्यातली एक दुसरी परंपरा इथे शेजारी ठेवून पाहायला हवी. पेण, अलिबाग, रेवदंडा, पनवेल या पट्ट्यात बेने इस्राएल समाज शतकानुशतकं राहिला. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. गावांवरून पडलेली त्यांची आडनावं, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, आजही हा नकाशा सांगतात. सिनेगॉगमधली त्यांची प्रार्थना हिब्रू, हझ्झाननं, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या गायकानं, म्हणायची आणि जमलेल्यांनी उत्तर द्यायचं, शब्बाथला वाद्याविना. पण 1880 च्या सुमारास त्यांनी मराठी कीर्तनही उभं केलं. बेंजामिन अष्टमकर यांच्यासारख्यांनी बायबलच्या जुन्या करारातली चरित्रं साकी, दिंडी, आर्या, अभंग या आपल्याच वृत्तांत बांधली. अष्टमकर हे आडनाव रोह्याशेजारच्या अष्टमीचं. म्हणजे अंबा आणि कुंडलिका या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात एकाच जातीची चाल एका घरात विठ्ठलासाठी आणि दुसऱ्या घरात अब्राहामासाठी म्हटली जात होती. वाद्याविना म्हटलेल्या हिब्रू प्रार्थनेत स्वर गळ्याबरोबर सरकायला मोकळा, आणि पेटीवरच्या कीर्तनात तो बांधलेला. एकाच समाजात दोन्ही प्रकार. स्वर आणि धर्म यांचं नातं आपण समजतो त्यापेक्षा सैल आहे, एवढं यावरून दिसतं. ही मंडळी मोठ्या संख्येनं इस्राएलला गेली आणि मराठी कीर्तनही सोबत घेऊन गेली.

आता मुद्रणाकडे. भारतात ग्रामोफोनची पहिली मुद्रणं 1902 मध्ये कलकत्त्यात झाली. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तासभर चढत जाणारं भजन तीन मिनिटांत कसं बसणार? बसलं नाहीच. बसला तो एकट्या गायकाचा अभंग : दोन ओळी ध्रुपद, तीन कडवी, शेवटी थोडी द्रुत. पुढे 1936 मध्ये प्रभातचा ‘संत तुकाराम’ हा चित्रपट आला. केशवराव भोळे यांचं संगीत, विष्णुपंत पागनिसांचा आवाज. व्हेनिसच्या महोत्सवात 1937 साली त्याचा गौरव झाला, पण भजनाच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मंडळांनी पागनिसांच्या चाली आणि त्यांचं संथ, आर्जवी म्हणणं उचललं. त्यातलं शांताराम आठवले यांनी लिहिलेलं एक गीत आजही अनेक जण तुकोबांचा अभंग समजून म्हणतात. मुद्रित आवाजाची सत्ता किती असते, याचा यापेक्षा सरळ पुरावा मिळणार नाही. नंतर राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांनी बांधलेले अभंग भीमसेन जोशींनी गायले आणि अभंगाला रागसंगीताचं अंगण मिळालं. ते गाणं थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते भजन नव्हे. तिथे समूह मागे, मंद आवाजात, टाळापुरता उरतो. आपल्या मंडळांनी ती गाणी ऐकून भीमसेनांची तान घ्यायला सुरुवात केली, तेव्हा झील धरणारे ऐकणारे झाले.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि पहिल्यांदाच गावाला स्वतःचा आवाज स्वस्तात साठवता आला. पेण-रोह्याच्या पट्ट्यात कित्येक कपाटांत अशा फिती पडून आहेत. सप्ताहाच्या, काकड्याच्या, एखाद्या गेलेल्या बुवाच्या. माझ्या मते आपल्याकडच्या समूहगानाचा खरा दस्तऐवज तोच. कंपन्यांच्या फितींत आवाजावर इको चढवलेला असतो, भाव यंत्रानं वाढवलेला असतो. घरच्या फितीत कुत्रं भुंकतं, कुणी तरी ‘चहा आला’ म्हणतं, आणि ध्रुपद भरून येतं.

पण या फिती एक फसवणूक करतात आणि ती ओळखता आली पाहिजे. कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या वेगानं सरकायला हवी. टेपरेकॉर्डर सेलवर चालत असेल आणि सेल उतरले असतील, तर मुद्रण करताना ती हळू सरकते. मग ती चांगल्या यंत्रावर वाजवली, की सगळं वेगानं आणि वरच्या स्वरात ऐकू येतं. वेगात सहा टक्क्यांचा फरक म्हणजे जवळजवळ एका पट्टीचा फरक. काळी तीनचं भजन पांढरी पाचचं भासतं, मिनिटाला ऐंशीची लय पंचाऐंशीची होते, आणि बुवाचा आवाज तरुण वाटतो. लय आणि पट्टी एकत्र सरकतात, म्हणून कान सहज फसतो. ऐकून ऐकून नातू आजोबांच्या पट्टीत गायला जातो आणि घसा बसवून घेतो, आजोबा मात्र त्या पट्टीत कधी गायलेच नव्हते. यावर एक उपाय फितीतच दडलेला असतो. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. देवळातल्या भोंग्याची किंवा ट्यूबलाइटची घरघर फितीत उतरलेली असते, ती 50 किंवा 100 च्या कंपनांवर असायला हवी. संगणकावर ती 53 किंवा 106 दिसली, तर फीत सहा टक्के जास्त वेगात वाजते आहे, हे सिद्ध होतं. ज्या घरघरीला आपण वैतागतो, तीच आजोबांची पट्टी परत मिळवून देते. म्हणून जुन्या फिती साफ करून देणाऱ्या दुकानदाराला घरघर काढण्याआधी थांबवा.

चुकून बदललेली पट्टी परंपरा बनते, याचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रोममधलं आहे. ग्रेगोरिओ अलेग्री यानं सतराव्या शतकात सिस्टिन चॅपेलसाठी ‘मिझेरेरे’ बांधलं. पवित्र सप्ताहात ते तिथेच म्हटलं जाई. आज त्यातली जी एक गगनाला भिडणारी वरची जागा ऐकायला लोक येतात, ती अलेग्रीची नाहीच. 1831 मध्ये मेंडेल्सननं ते षड्ज-मध्यमाच्या अंतरानं वरच्या पट्टीत ऐकून टिपून ठेवलं, आणि 1880 च्या एका संगीतकोशात तो तुकडा मूळ पट्टीतल्या तुकड्याला चुकून जोडला गेला. 1963 मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजनं डेव्हिड विलकॉक्स यांच्या दिग्दर्शनाखाली केलेलं मुद्रण जगभर पोचलं. त्यात रॉय गुडमन या मुलाचा आवाज त्या वरच्या स्वरावर असा सहज जातो, की त्यानंतर ती जागा काढून टाकण्याची हिंमत फार थोड्यांनी केली. जागा सुंदर आहे, तिला ठेवावंही. फक्त ती कुठून आली हे माहीत असावं. पागनिसांच्या चाली आणि उतरलेल्या सेलची पट्टी यांच्याबद्दलही माझं म्हणणं एवढंच आहे.

पुढचे लेख ऐकणाऱ्यासाठी आहेत, तितकेच मुद्रण करणाऱ्यासाठीही. आज फोन प्रत्येकाच्या खिशात आहे आणि त्याचा वेग चुकत नाही, त्यामुळे उतरलेल्या सेलची अडचण संपली. पण नुसता आवाज साठवून भागत नाही. फोन पेटीच्या तोंडाशी ठेवू नका, तिथून फक्त बुवा ऐकू येतो. टाळकऱ्यांच्या दोन रांगांच्या मधे, थोडा उंचावर ठेवा. सुरू करण्याआधी गाव, देऊळ, तिथी आणि पट्टी तोंडानं सांगा, आणि किती माणसं उभी आहेत तेही. चाल कुणाकडून आली हे माहीत असेल तर त्या बुवांचं नाव घ्या. आणि घरात जुनी फीत असेल, तर ती कोणी साफ करून, गोड करून द्यायला निघालं तरी मूळ फीत देऊ नका. आधी आहे तशी, घरघरीसकट, एक प्रत काढून ठेवा. फितीवरचा थर दर पावसाळ्यात थोडा थोडा सुटतो आहे, आणि रायगडात पावसाळा चार महिन्यांचा असतो.